गवा चरत राहिला पाहिजे: जंगलात पहिल्यांदा कॅमेरा नेणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीतली सकाळ होती. दाजीपूरच्या जंगलात एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आमच्या गाडीसमोर नऊ गव्यांचा कळप चरत होता. त्यात एक पिल्लू होतं, अजून तांबूस सोनेरी रंगाचं. ते आईच्या पोटाखालून सारखं इकडून तिकडं करत होतं. दहा मिनिटं मी मनासारखे फोटो काढले. पण सगळ्या फोटोंत गव्यांची तोंडं गवतात होती आणि मला मान वर केलेला एक तरी गवा हवा होता. म्हणून मी गाडीच्या दारावर दोनदा टकटक केलं.

कळपातल्या सगळ्यात थोराड मादीनं मान वर केली, कान पुढं आणले, नाकातून शिट्टीसारखा लांब फुत्कार सोडला आणि मिनिटभरात सडा रिकामा झाला. मला हवा तो फोटो मिळाला. तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली. तिच्यात इचलकरंजीचे आजी-आजोबा होते, दोघंही आयुष्यात पहिल्यांदा जंगलात आलेले. आजींनी गाडीतूनच मला विचारलं, "गेलं व्हय सगळं?" समोर तुडवलेलं गवत होतं आणि शेणातून वाफ निघत होती. मी "हो, आत्ताच गेले" म्हणाले. का गेले ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवसापासून मी स्वतःला एकच कसोटी लावते. मी निघाले तेव्हा जनावर आधी जे करत होतं तेच करत होतं का? चरत असेल तर चरत राहिलं का, पाणी पीत असेल तर पोटभर पिऊन झालं का? तसं झालं असेल तर मागच्या गाडीतल्या माणसालाही ते दिसतं. जनावराशी नीट वागणं आणि शेजारच्या पर्यटकाशी नीट वागणं, या जंगलात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पुढं जे सांगते आहे ते सगळं याच एका गोष्टीतून आलं आहे.

आपण कोल्हापूरकर याबाबतीत भाग्यवान. संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेलं रान १९५८ मध्ये दाजीपूरचं अभयारण्य झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आपल्याच जिल्ह्याला लागून आहे, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही चारही ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली. सकाळी कोल्हापुरातून निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतकं दाजीपूरचं रान जवळ आहे. म्हणूनच तिथं गर्दीही आपलीच असते.

पहिली पायरी: सराव रंकाळ्यावर करा

नवीन कॅमेरा घेऊन थेट जंगलात जाऊ नका. तिथं गाडी थांबते ती दोन-चार मिनिटं. तेवढ्यात तुम्ही बटणं शोधत बसलात तर बाकीच्या पाच जणांचा वेळ जातो, आणि घाईत माणूस उठतो, ओरडतो, धक्का देतो.

महिनाभर सकाळी रंकाळ्यावर नाहीतर कळंब्याच्या तलावावर जा. वारकरी नावाचा काळा पाणपक्षी, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे, बगळे, खंड्या, सगळे मिळतील. या पक्ष्यांना माणसांची सवय आहे, तरी त्यांचीही एक हद्द असते. बगळ्याकडं सावकाश चालत जा आणि तो नेमका कधी मान ताठ करतो ते बघा. तो अजून उडालेला नसतो, पण खाणं थांबवलेलं असतं. ती त्याची हद्द. तिथंच थांबायचं आणि दोन पावलं मागं यायचं. तो पुन्हा खायला लागला की मगच फोटो काढायचा. हे रंकाळ्यावर जमलं की गव्यासमोरही जमतं. फरक एवढाच, की बगळा उडून जातो आणि गवा अंगावर येऊ शकतो.

रंकाळ्यावर आणखी एक सवय लागते. फिरायला आलेली माणसं तुमच्यामागून जात-येत असतात. एखादी आजी, एखादं पोरगं थांबून विचारतं, "काय दिसतंय?" त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवा. दाखवण्यात अर्धं मिनिट जातं आणि पक्षी कुठं जात नाही.

दुसरी पायरी: कॅमेरा मुका करा

हे घरी, आदल्या रात्री करायचं. फोकस लागल्यावर वाजणारा बीप बंद. फ्लॅश बंद, आणि अंधारात फोकससाठी आपोआप लागणारा छोटा लाल दिवासुद्धा बंद. हा दिवा बहुतेक जण विसरतात. आवाज न करणारं शटर असेल तर ते चालू करा. नसेल तर एका दमात वीस-वीस फोटोंचा भडिमार नको, तीन-चार पुरे. मागच्या पडद्याचा उजेड कमी करा, पहाटे तो शेजाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. मोबाईल न्यायला परवानगी असेल तर त्याचाही आवाज आणि फ्लॅश बंद.

राधानगरीचं रान दाट आहे. फ्लॅश नाही म्हटल्यावर उजेड कमी पडणारच. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो यावा म्हणून कॅमेऱ्यात वाढवता येणारा आकडा, बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो.

तिसरी पायरी: पिशवीत काय असावं

कपडे मातकट, खाकी, मळक्या हिरव्या रंगाचे. पांढरे शुभ्र आणि भडक नकोत. अत्तर, सुगंधी फवारे अजिबात नकोत. गव्याचं नाक फार तिखट असतं, आणि उघड्या गाडीत तो वास शेजाऱ्यालाही सहन करावा लागतो.

तिपाई नेऊ नका. जीपमध्ये ती उघडली की तीन माणसांचे पाय अडकतात. त्याऐवजी बीनबॅग घ्या, म्हणजे कापडाची छोटी उशी, गाडीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. मी तिच्यात घरचे तांदूळ भरते. निघण्याआधी शिवण मात्र तपासा. उसवलेल्या शिवणीतून वाटभर दाणे सांडत गेले की तिथं वानरं आणि पाखरं रस्त्यावर यायला शिकतात, आणि मग ती गाड्यांखाली सापडतात.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण आपण भडंगाशिवाय घराबाहेर पडत नाही. भडंग जरूर घ्या, पण प्लास्टिकच्या पुड्यात नको. शांत जंगलात पुड्याचा तो चुरचुर आवाज किती लांब जातो हे एकदा ऐकल्याशिवाय पटत नाही. डब्यात भरा, झाकणाला रबर असेल तर उत्तम, आणि खायचं ते फक्त जिथं उतरायची परवानगी आहे तिथं. शेंगदाण्याचं टरफलसुद्धा परत घरी आणायचं.

चौथी पायरी: गाडीत बसण्याआधी पाच मिनिटं बोला

माझ्या मते सगळ्यात जास्त भांडणं इथंच टळतात, आणि ही पाच मिनिटं कुणीच काढत नाही.

सफारीच्या एका जिप्सीत, म्हणजे उघड्या जीपमध्ये, साधारण सहा पर्यटक, गाईड आणि चालक असतात. सहाही जण एका घरातले असतील असं नाही. गेटवर पहाटेच्या थंडीत उभे असतानाच एकमेकांची नावं विचारा. "काका, तुमच्याकडं कॅमेरा आहे का मोबाईल?", "ताई, पोराला समोरच्या बाजूला बसवता का?" एवढ्यानं सुरुवात होते.

मग जागा ठरवा. जिप्सीतली मागची बाकं पायऱ्यांसारखी उंच असतात, त्यामुळं मागच्याला पुढच्यांच्या डोक्यावरून दिसतं. मोठी लेन्स ज्याच्याकडं आहे त्यानं मागं बसावं. त्याला लांबचंही जवळ दिसतं. मोबाईलवाले, मुलं आणि म्हातारी माणसं पुढं. मोठा कॅमेरा असलेला माणूस पुढची जागा आपला हक्क समजतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे. तसं नसतं. पैसे सगळ्यांनी सारखे भरलेले असतात आणि मोबाईलवाल्याला पुढं बसण्याशिवाय दुसरा उपाय नसतो. सकाळ-संध्याकाळ अशा दोन सफारी असतील तर दुसऱ्या वेळी बाजू बदला. उजव्या बाजूचा डावीकडं.

उभं राहायचं का, हे आधीच ठरवा. माझा नियम असा: उभं राहायचं असेल तर सगळ्यांनी मिळून, सावकाश, गाडी थांबल्यावर आणि गाईडनं हो म्हटल्यावर. नाहीतर सगळ्यांनी बसून. एकटा उभा राहिला की मागच्या तिघांच्या फोटोत त्याची पाठ येते. बाकावर चढून उभं राहणं तर नकोच.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद असताना जिप्सी झोपाळ्यासारखी असते. एकानं कूस बदलली तरी सगळ्यांच्या लेन्स हलतात. म्हणून आम्ही एक खूण ठरवतो. कुणाला हलायचं असेल तर शेजाऱ्याच्या हातावर हलकेच बोट टेकवायचं. तो फोटो संपवून मान हलवतो, मग हलायचं. बोलायची गरज पडत नाही.

लहान मुलांना आदल्या दिवशी समजवा, गाडीत नको. "वाघ दिसला की ओरडायचं नाही, माझा हात घट्ट दाबायचा," असं माझ्या भाचीला सांगितलं होतं. शेकरू दिसल्यावर तिनं इतका जोरात हात दाबला की नखं उमटली, पण तोंडातून आवाज नाही. शेकरू समोरच्या फांदीवर बसून फळ कुरतडत राहिलं. मागच्या दोन गाड्यांनाही मिळालं.

पाचवी पायरी: गाईडचे कान तुमच्यासाठी आहेत

गप्प का बसायचं, याचं खरं कारण नवख्यांना कुणी सांगत नाही. गाईड जनावर डोळ्यांनी शोधत नाही, कानांनी शोधतो. भेकर कुत्र्यासारखं भुंकलं, वानर खाकरलं, सांबरानं एकच मोठा आवाज दिला, की त्या बाजूला बिबट्या, वाघ नाहीतर कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, फिरत असल्याचा संशय घ्यायचा. याला ते "कॉल आला" म्हणतात. तुम्ही गाडीत कालच्या लग्नाचं बोलत असाल तर तो कॉल त्याला ऐकू येत नाही, आणि तुमच्याच नाही तर शेजारच्या गाडीलाही. गाईडनं हात वर केला की वाक्य अर्धवट सोडायचं.

दाजीपूरला गाईड बहुतेक आसपासच्या गावातले असतात. त्यांना मामा म्हणा, दादा म्हणा, पण नाव विचारून घ्या. "जरा जवळ घ्या की, तुमचं चहापाणी बघतो," हे वाक्य मात्र कधीही तोंडातून काढू नका. पैसे देणारे तुम्ही असता, पण कारवाई होते ती त्याच्यावर, रोजगार जातो तो त्याचा. चांगल्या कामाचं बक्षीस द्यायचं असेल तर सफारी संपल्यावर द्या, वाघ दिसला नाही तरी द्या.

सहावी पायरी: जनावर दिसलं, आता?

पहिलं काम, श्वास घ्या. कॅमेरा उचलू नका. जनावर काय करतंय, कुठल्या बाजूला चाललंय, सोबत पिल्लू आहे का, एवढं बघा. चालकाला इंजिन बंद करायला सांगा. दुसरी गाडी मागून येताना दिसली तर हाताच्या पंजानं "हळू" अशी खूण करा.

अंतर. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत कुठल्याही वन्यप्राण्यापासून गाडी २० मीटरपेक्षा लांब ठेवायला सांगितलं आहे. डोळ्यांना अंदाज हवा असेल तर क्रिकेटची खेळपट्टी आठवा, जवळजवळ तेवढंच. गव्याच्या बाबतीत मी याच्या दुप्पट धरते. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, खांद्याला माणसाच्या उंचीला येतो, आणि वळायला लागला की वाटतं त्यापेक्षा खूप चपळ असतो.

गवा सांगतो, आपण ऐकायचं. कान पुढं आणि मान वर, म्हणजे त्याला तुम्ही कळलात. फुत्कार म्हणजे तो कळपाला सांगतोय. नर तुमच्याकडं बाजू करून, पाठ उंच करून, सावकाश पावलं टाकायला लागला तर तो आपला आकार दाखवतोय. फोटोला ती मुद्रा फार सुंदर दिसते आणि त्याच वेळी तिथून निघायचं असतं. मान खाली घालून शिंगं हलवायला लागला तर उशीर झालेला आहे.

वाट मोकळी ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. जनावर रस्ता ओलांडायला आलं असेल तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी मध्ये भरपूर जागा सोडायची. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी अडवलं. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालक निलंबित झाले. त्या गाड्यांत कॅमेरे होते. मला त्या चित्रफितीत एक गोष्ट फार लागली. मला तरी एकही गाडी मागं जाताना दिसली नाही. पहिली एक मागं गेली असती तरी बछड्यांना फट मिळाली असती. अशा वेळी "दादा, आपण मागं घेऊ" हे वाक्य गाडीतल्या कुणीतरी एकानं म्हणायला लागतं. ते तुम्ही म्हणा.

वाघ रस्त्यावरून समोरून चालत येत असेल तर पुढची गाडी उलटी मागं मागं जात राहते. त्या गाडीतल्यांना सगळ्यात चांगला फोटो मिळतो, त्यामुळं तिला बाजूला व्हावंसं वाटत नाही. पण ती जितका वेळ त्याच्या तोंडासमोर राहील तितका वेळ तो अडकलेला असतो. दोन-चार फोटो झाले की मोकळी जागा बघून कडेला व्हा आणि रस्ता त्याला द्या. पुष्कळदा तो शांतपणे गाडीशेजारून निघून जातो.

हाका, शीळ, टाळी, दारावर टकटक, दगड, यातलं काहीही नाही. प्राण्याला छेडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. मी जी टकटक केली ती याच जातीची होती. गाडीतून उतरायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.

आणि आनंद झाला की आपल्या तोंडातून "नाद खुळा!" निघतंच. ते गेटबाहेर येईपर्यंत पोटात ठेवा.

सातवी पायरी: जागा सोडणं

फोटो मिळाले, अजून जनावर तिथंच आहे, मागं तीन गाड्या थांबल्या आहेत. नवीन माणूस इथं अडकतो. त्याला वाटतं, पुढच्या क्षणी काहीतरी भारी घडेल आणि आपण नसू. घडेलही. तरी निघा. पाच-सात मिनिटांत तुम्हाला जे मिळायचं ते मिळालेलं असतं.

निघतानाही रीत आहे. आधी मागच्या गाडीला हातानं खूण करा, त्यांना फोटो थांबवू द्या. जनावर खाली मान घालून असतानाच इंजिन चालू करा, वर बघत असताना नाही. पहिली पन्नास पावलं गाडी चालण्याच्या वेगानं. आणि समोरून येणारी गाडी भेटली की थांबून हळू आवाजात सांगा, "डाव्या अंगाला, बांबूच्या मागं, पिल्लू आहे, दमानं जावा." पिल्लू आहे हे सांगायला विसरू नका. त्यामुळं पुढची गाडी आधीच लांब थांबते.

आठवी पायरी: घरटी, बेडूक, साप

नवे लोक गवा-बिबट्याशी फार सांभाळून वागतात आणि लहान जिवांशी अजिबात नाही. खरं तर सगळ्यात जास्त नासधूस इथं होते.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी उरते. आतल्या मादीला आणि पिल्लांना जे खायला मिळतं ते त्या फटीतून, नरानं आणलेलं. तुम्ही चौघं जण कॅमेरे रोखून झाडाखाली बसलात की नर फळ चोचीत धरून लांबच्या झाडावर थांबतो. तो येत नाही तोवर आतले उपाशी. ढोली सापडली तर लांबून एकदा बघा आणि निघा. मी ढोलीचे फोटो काढणं बंद केलं आहे. ज्यांना काढायचेच आहेत त्यांच्याशी मी वाद घालते.

तिबोटी खंड्या पावसाळ्यात कोकणात मातीच्या कडेत बिळं करून पिल्लं वाढवतो. त्याच्यासाठी आपल्याकडून घाट उतरून गाड्या जातात. बिळासमोरची पानं-फांद्या फोटोच्या आड येतात म्हणून तोडू नका, साप आणि उन्हापासून तेवढाच आडोसा असतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर विणीच्या दिवसांत क्रूरच. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो.

आंबोलीला आजऱ्यावरून जाणारे आपण सगळेच. पावसाळी रात्री तिथं विजेरी घेऊन बेडूक-साप बघायला माणसं फिरतात. मलबार चापडा हा विषारी साप कारवीच्या झुडपावर स्थिर बसलेला असतो. काडीनं ढकलून त्याला चांगल्या पानावर आणायचं, बेडूक हातात घेऊन ओल्या दगडावर ठेवायचा, असले प्रकार मी पाहिले आहेत. बेडकाची कातडी श्वास घेते. हाताला लावलेलं डास पळवायचं मलम त्या कातडीतून आत जातं. हात लावूच नका. जिथं आहे तिथं, जसं आहे तसं.

विजेरीचीही पाळी लावा. चार जणांच्या चार विजेऱ्या एका बेडकावर नकोत. एकानं बाजूनं, पातळ पांढरा कागद लावून मंद उजेड धरायचा, बाकीच्यांनी एकेक करून फोटो काढायचे, मग धरणाऱ्यानं विजेरी दुसऱ्याकडं द्यायची. दोन-तीन मिनिटांत संपवून अंधार करायचा. आणि पाय कुठं पडतोय ते बघायचं. फोटोसाठी मागं सरकणारा माणूस आंबोलीत काय काय तुडवतो, याचा विचार करवत नाही.

नववी पायरी: दुसरा चुकत असेल तर

चढ्या आवाजात बोलू नका, जनावर दोघांच्याही हातून जाईल. आधी स्वतःच्या गाईडला हळूच सांगा, तो समोरच्या गाईडला खूण करतो. आपल्याच गाडीत असेल तर नातं लावून, त्याच्या फायद्याचं बोलून सांगा. "काका, जरा खाली बसता का, ते परत बाहेर येईल, मग तुम्हालाच समोरून मिळेल." हे बहुतेक वेळा खरंही असतं. तरीही ऐकत नसेल तर गेटवर परत आल्यावर गाडीचा क्रमांक आणि वेळ वनरक्षकाला द्या. जागेवर चित्रीकरण करून कुणाची बदनामी करू नका.

आणि तुम्हाला कुणी सांगितलं तर लगेच "चुकलं" म्हणा. मला एकदा एका कॉलेजच्या पोरानं सांगितलं होतं, "मावशी, तुमच्या कॅमेऱ्याचा बीप वाजतोय." मला राग आला होता. बीप वाजत होता.

गवा आपल्या शिवारात आला तर

ही पायरी नाही, पण कोल्हापुरात राहून हे न सांगता पुढं जाता येत नाही. पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, इकडं गवे उसात उतरतात, कधी थेट शहराच्या कडेला येतात. त्या वेळी अख्खी गल्ली मोबाईल घेऊन पळते.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा आला होता. मागं गर्दी, पुढं भिंती, तो तासन् तास धावत राहिला. जाळी टाकून, बेशुद्ध करून पकडला आणि काही वेळातच मेला. एवढं मोठं जनावर धावून धावून, घाबरून मरतं. हे आपल्या दारात नको.

गवा दिसला तर फोटो घरातून, गच्चीवरून काढा, खाली उतरू नका. तो ज्या वाटेनं आला त्या बाजूला कुणी उभं राहू नका, कारण तो त्याच वाटेनं परत जाऊ बघतो. फटाके, आरडाओरडा, दुचाकीवरून पाठलाग नको. वन विभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक मोबाईलमध्ये आधीच घालून ठेवा. आणि गल्लीच्या गटावर "लवकर या, गवा आलाय" असं टाकण्याऐवजी "घरात थांबा, गवा आलाय" असं टाका.

दहावी पायरी: घरी आल्यावर

फोटो टाकण्याआधी मोबाईलमधलं ठिकाणाचं नोंदणं बंद आहे ना ते बघा, नाहीतर फोटोसोबत जागेचा नेमका पत्ता जातो. धनेशाची ढोली, चापड्याचं झुडूप, बिबट्याची बसायची शिळा, यांची खूण पटेल असं काही लिहू नका. "राधानगरी" एवढं पुरे. पाणवठ्याचं नाव, किलोमीटरचा दगड, नको. शिकारी वाचतात आणि हौशी गर्दीही वाचते. मी तर आठवडाभर थांबूनच टाकते.

गाडीतल्या सगळ्यांचे क्रमांक सफारी संपल्यावर घेतलेले असतील तर चांगले फोटो त्यांना पाठवा. ज्या काकांकडं साधा मोबाईल होता, ज्यांनी सगळा वेळ डोळ्यांनीच बघितलं, त्यांना आधी.

पुढचं काम सवडीनं करा. दाजीपूर पावसाळ्यात बंद असतं, दिवाळीच्या सुमारास पुन्हा उघडतं. तोवर गाईडनं तुम्हाला जे दाखवलं त्यातले दोन-तीन फोटो कागदावर छापून घ्या, मोठ्या आकाराचे, मॅट कागदावर, म्हणजे दमट हवेत एकमेकांना चिकटत नाहीत. मागं तारीख लिहा आणि त्याचं नाव लिहा, "यांनी दाखवला" असं. बहुतेक गाईडांनी हजारो माणसांना गवे दाखवलेले असतात आणि घरी एकाही गव्याचा फोटो नसतो. जंगल पुन्हा उघडल्यावर पहिल्या सफारीला गेटवर गेलात की फोटोंचं पाकीट त्याच्या हातात द्या. माझ्या ओळखीच्या एका दादांनी तो फोटो पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर लावला आहे. ती आता आठवीत आहे. मागच्या खेपेला तिनं मला विचारलं, "ह्यातलं पिल्लू आता केवढं झालं असेल?"